पंचवीस सेंटिमीटरचे दोघे

शीळकरी कस्तूर चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण २५ सेंटिमीटर भरतो. अ‍ॅटलास पतंग पंख पसरून बसला की या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण तेवढाच. मादी चांगली पोसलेली असेल तर थोडी जास्तच. पक्ष्याचं वजन शंभर ग्रॅमच्या पुढेमागे, पतंगाचं जेमतेम काही ग्रॅम. दोघांचा मुक्काम सह्याद्रीतल्या ओल्या जंगलात आणि दोघांचा खरा हंगाम पावसाळा. एरवी पक्षी आणि पतंग यांना कुणी एका वाक्यात घेत नाही, घेतलंच तर खाणारा आणि खाल्ला जाणारा म्हणून. माझ्या डोक्यात मात्र हे दोघं शेजारी शेजारी बसले ते या पंचवीस सेंटिमीटरमुळे, आणि एकदा बसल्यावर काही केल्या उठेनात.

कस्तूर दिसण्याआधी ऐकू येतो. जूनमध्ये आंबोलीला मुक्काम असला की पहाटे, अजून पुरतं काळं असताना, ओढ्याच्या बाजूने कुणीतरी शीळ घालत चाललंय असं वाटतं. पहिल्यांदा ऐकणारा माणूस हमखास खिडकीशी जातो. इंग्रज साहेबांनी या पक्ष्याला शीळ घालणारा शाळकरी पोरगा असं टोपणनाव ठेवलं होतं, आणि ते अगदी बरोबर ठेवलं होतं. शाळेला जायची घाई नाही, गाणं अर्धवट आठवतंय, आठवत नाही तिथे आपलंच काहीतरी घालून पुढे निघालंय, असा एकूण प्रकार. मैफलीत बसायची सवय असलेल्या माणसाला तर तो चक्रावून टाकतो. सुरुवातीचे सूर असे लावतो की आता भूप मांडणार. आणि आपण मान डोलवायला घेतो तोच मध्ये एक असा सूर लावून जातो, की तो भूपात तर नाहीच, पेटीच्या पट्ट्यांवरही सापडायचा नाही. पुन्हा तीच ओळ, पुन्हा तोच बेसूर सूर, अगदी त्याच जागी. म्हणजे चुकून लागलेला नसतो.

उजाडल्यावर दिसतो तेव्हा आधी नुसता काळा दिसतो. ओढ्यातल्या शेवाळलेल्या दगडावर बसून शेपूट पसरतो, मिटतो, पुन्हा पसरतो. मग ढग जरा हलतात, उजेड तिरका पडतो आणि कपाळावरची, खांद्यावरची निळाई एकदम पेटते. ती पाहायला लोक हजारो रुपयांच्या दुर्बिणी घेऊन येतात. मी एकदा त्याला खेकडा खाताना बराच वेळ पाहिलं. पायाला धरून दगडावर आपटायचा, पाय तुटला की तो गिळायचा, मग खेकडा जिथे पडला तिथून पुन्हा उचलायचा. या सगळ्या उद्योगात त्याने तोंडातून आवाज म्हणून काढला नाही. गाणारा पक्षी जेवताना इतका निमूट असतो हे मला उगाचच आवडलं.

१८३१ साली या पक्ष्याला शास्त्रीय नाव मिळालं, ते टॉमस हॉर्सफील्ड या अमेरिकन डॉक्टरच्या नावावरून. हॉर्सफील्डने आधी जावा बेटावर पशुपक्षी गोळा केले आणि पुढे लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाचं काम पाहिलं. फार काळ हा पक्षी कस्तुरांच्या कुळात मोजला जात होता. हल्ली त्याला माशीमारांच्या कुळात बसवलंय. पक्ष्याला याचा काही पत्ता नाही. तो आपला सह्याद्रीत, सातपुड्यात आणि दक्षिणेतल्या डोंगरांत, पाणी पडतं तिथे राहतो. घरटं बांधतो ते धबधब्यामागच्या कपारीत नाहीतर ओढ्याकाठच्या दरडीत, मुळं आणि शेवाळ लिंपून केलेली वाटी. क्वचित माणसाच्या घराच्या वळचणीलाही. अंडी दोन ते चार. नर-मादी दोघंही आळीपाळीने उबवतात आणि सोळा-सतरा दिवसांत पिल्लं बाहेर येतात.

आवाजाच्या बाबतीत पक्ष्यांची रचना आपल्यापेक्षा वरचढ आहे. आपलं स्वरयंत्र गळ्यात वरच्या बाजूला. पक्ष्यांचं खाली, श्वासनलिका दोन फुप्फुसांकडे फुटते त्या फाट्यावर. दोन नळ्या, दोन पडदे, आणि गाणाऱ्या पक्ष्यांना या दोन्ही बाजू वेगवेगळ्या हाताळता येतात. शिवाय या पक्ष्यांचं गाणं नुसतं जन्मजात नसतं, ते ऐकून शिकावं लागतं. पिल्लू आजूबाजूच्या थोरांचं ऐकतं, मग स्वतः बडबडत सराव करतं, आणि बऱ्याच खटपटीनंतर त्याचं गाणं पक्कं होतं. ज्याला लहानपणी कुणी ऐकवलंच नाही, त्याचं गाणं मोठेपणी अर्धंकच्चं राहतं. म्हणजे आंबोलीच्या एखाद्या ओढ्यावर आज जी शीळ ऐकू येते, तिच्यात आपल्याला कधीच न दिसलेल्या म्हाताऱ्या कस्तुरांचे काही सूर नक्की असणार.

आता पतंग.

त्याची माझी गाठ पडली ती आंबोलीतच, एका घरगुती मुक्कामाच्या पडवीत. ट्यूबलाइटच्या खाली, चुन्याच्या भिंतीवर तो बसला होता. आमच्यातल्या एका बाईंनी किंकाळी फोडली, दोघांनी मोबाइल काढले. घरमालक काकांनी जेवणाची पानं मांडता मांडता मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "हो दरवर्सा येता. लायट घालवलंस की जाता निघान." आणि पुन्हा पानं मांडायला लागले.

मी खुर्ची ओढून अगदी जवळ जाऊन पाहत बसलो. पंख विटकरी, त्यांवर पांढऱ्या-काळ्या रेघांचे पट्टे, कडेला पिवळसर झालर आणि झालरीतून पळणारी बारीक नागमोडी रेघ. प्रत्येक पंखाच्या मधोमध एक त्रिकोणी खिडकी. तिथे खवले नसतात, नुसता पारदर्शक पापुद्रा. त्यातून मला मागच्या भिंतीचा चुना आणि चुन्यातली एक तडा गेलेली रेघ स्पष्ट दिसत होती. अंग जाडजूड, लव असलेलं, आणि पंखांच्या मानाने इतकं आखूड की एवढा संसार हे कसं पेलत असेल असं वाटावं. पुढच्या पंखांची टोकं खाली वळलेली आणि त्यांवर एक ठिपका. त्यात लोकांना सापाचं तोंड दिसतं. दिसतं खरं, एकदा कुणी सांगितल्यावर तर दुसरं काही दिसतच नाही. डोक्यावर दोन मिशा, दोन्ही बाजूंनी दाट दात असलेल्या. मिशा इतक्या रुंद म्हणजे हा नर. मादीच्या अरुंद असतात. तोंड शोधायला गेलो तर तोंड नाही. म्हणजे सोंडेचा काहीतरी अवशेष आहे, पण त्याने खाता-पिता येत नाही. पंख फुटल्यावर हा प्राणी मरेपर्यंत एक थेंबही पीत नाही.

लिनिअस या स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने १७५८ साली या पतंगाला नाव दिलं. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतल्या पतंगांना काही तज्ज्ञ आता वेगळी जात मानतात, पण बोलताना सगळे अ‍ॅटलासच म्हणतात आणि मीही तेच म्हणणार. वर्तमानपत्रांत तो दर पावसाळ्यात एकदा तरी येतो. मथळा ठरलेला: अमुक गावात आढळला अतिदुर्मिळ महाकाय पतंग. पुढच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यात पुन्हा अतिदुर्मिळ. त्याच्या अळीला दालचिनी चालते, पेरू चालतो, लिंबाच्या जातीतली झाडं चालतात, सीताफळाच्या कुळातलीही चालतात. ज्याला कोकणातल्या परसातली निम्मी झाडं खाता येतात तो दुर्मिळ कसा होईल? तो रात्री उडतो आणि आपण रात्री झोपतो, एवढाच मामला आहे.

दुसरी ठरलेली गोष्ट म्हणजे हळहळ. तोंड नाही, आयुष्य आठवड्याचं, फार तर दोन आठवड्यांचं, अरेरे. मला ही हळहळ पटत नाही. आठवड्याचं असतं ते पंखवाल्याचं आयुष्य. त्याआधी दोनेक आठवडे अंड्यात, महिना-दीड महिना अळी म्हणून अखंड खाणं, खाऊन खाऊन अर्ध्या वितीपर्यंत जाणारी लांबी आणि अंगावर पांढरी मेणचट पूड. मग कोशात तीन-चार आठवडे, आणि कोरडा काळ आडवा आला तर कित्येक महिने. कोश चांगला मजबूत असतो. तैवानमध्ये त्याच्या पैसे ठेवायच्या लहान पिशव्या करत असत. जो प्राणी सगळं जेवण आधी उरकून उरलेले दिवस फक्त एकाच कामाला ठेवतो, त्याची कीव करणाऱ्यांमध्ये रोज तीन वेळा काय शिजवायचं या विवंचनेत जन्म काढणारे आपण असावेत हे गमतीचं आहे. कस्तुराचंही तेच. पहाटेचं गाणं झालं की दिवसभर खेकडे, गांडुळं, बेडूक. पिल्लं असतील तर विचारूच नका.

ते एकच काम म्हणजे जोडीदार गाठणं. इथे हे दोघं खऱ्या अर्थाने समोरासमोर येतात, कारण दोघांपुढची अडचण एकच आहे: दाट जंगल, पाऊस, अंधार, आणि आपल्यासारखं दुसरं कुणीतरी यात कुठेतरी आहे. कस्तूर त्यावर आवाज टाकतो. पतंगाची मादी गंध सोडते. कोशातून बाहेर आल्यावर ती फारशी उडतसुद्धा नाही. बऱ्याचदा कोशाला धरूनच लटकते, रात्री पोटाच्या टोकाची ग्रंथी बाहेर काढते आणि वाऱ्यावर गंध सोडत राहते. नर त्या रुंद मिशांनी तो हवेतून टिपतो आणि वाऱ्याच्या उलट दिशेने, गंधाचा धागा सुटला की आडवातिडवा हिंडत, पुन्हा सापडला की पुढे सरकत तिच्यापर्यंत पोचतो. आपल्या काव्यात रात्रीच्या पावसात, चिखल तुडवत, साप ओलांडत संकेतस्थळी जाते ती अभिसारिका. इथे ती आपल्या जागी बसून आहे आणि पावसात धडपडतोय तो तिचा प्रियकर, तोही उपाशी.

हा गंधाचा मामला माणसाच्या लक्षात यायला फार वेळ लागला. फ्रान्समध्ये झाँ-आंरी फाब्र या कीटकवेड्या शिक्षकाच्या घरी एका सकाळी याच कुळातल्या एका मोठ्या पतंगाची मादी कोशातून बाहेर आली. त्याने ती जाळीच्या घुमटाखाली ठेवली. रात्री घरभर नर पतंग, चाळीसच्या आसपास, कुठून कुठून आलेले. पुढे त्याने तऱ्हेतऱ्हेचे प्रयोग केले. हवाबंद डब्यात मादी ठेवली की एकही नर फिरकत नसे. जाळीखाली ठेवली की येत. मग त्याने खोलीत डांबराच्या गोळ्यांसारखे उग्र वास पसरून ठेवले, नरांचा गोंधळ उडतो का पाहायला. नर सरळ आले. बिचारा फाब्र अडला. जो वास माणसाच्या नाकाला जरासुद्धा येत नाही, आणि डांबरगोळ्यांच्या भपकाऱ्यातही हरवत नाही, त्याला वास तरी कसं म्हणायचं?

ते म्हणता आलं १९५९ साली. आडोल्फ बुटेनान्ट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने रेशमाच्या पतंगाच्या माद्यांमधून तो पदार्थ वेगळा काढला. त्यासाठी पाच लाखांच्या आसपास माद्या लागल्या आणि जवळजवळ वीस वर्षं. एवढं करून हाती आले ते थोडे मिलिग्रॅम. जगात कुठल्याही प्राण्याच्या अशा गंधाची रासायनिक ओळख पटली ती ही पहिली. कस्तुराचं गाणं लिहून घ्यायला मात्र कागद, पेन्सिल आणि पहाटे उठायची तयारी पुरते.

पतंगाला ही भाषा शिकावी लागत नाही. कुणाची ऐकून, सराव करून, चुकतमाकत ती येत नाही. मादीच्या ग्रंथीत ती तयार असते, नराच्या मिशीत ती ओळखायची सोय तयार असते. थोरल्या पिढीशी त्याची कधी गाठच पडत नाही. अंडी घालून आई मेलेली असते. कस्तुराच्या पिल्लाला आई-बाप भरवतात, वर गाणंही ऐकवतात. पतंगाच्या अळीला मिळतं ते एवढंच की आईने अंडी बरोबर झाडावर घातली होती. तेवढ्यावर तिचं भागतं.

अ‍ॅटलासच्या कुळातल्या पतंगांना कानच नसतात. इतर कित्येक पतंगांना असतात. वटवाघळाची किंचाळी ऐकली की ते गोते खातात, पंख मिटून खाली पडतात. हा ठार बहिरा. आवाजाच्या जगाशी याचा काडीचा संबंध नाही असं मी धरून चाललो असतो, जर २०२१ साली ब्रिस्टल विद्यापीठातल्या संशोधकांचं काम वाचलं नसतं. त्यांनी अशा पतंगांच्या पंखांवर वटवाघळाच्या पट्टीतला आवाज सोडला आणि कुठल्या भागातून किती प्रतिध्वनी येतो ते मोजलं. अ‍ॅटलासच्या पुढच्या पंखांची ती दुमडलेली, सुरकुतलेली टोकं, ज्यांत आपण सापाचं तोंड पाहतो, तीच सगळ्यात मोठा प्रतिध्वनी देत होती. अंगापेक्षाही जोरदार. अंधारात आवाजावर शिकार करणाऱ्या वटवाघळाला पतंगाचं 'इथे आहे' असं ऐकू येतं ते पंखाच्या टोकाशी. ते तिथे झडप घालतं, पंखाचा तुकडा तोंडात येतो आणि पतंग उरलेल्या पंखावर पुढे निघून जातो.

हे वाचल्यावर मी मोबाइलमधले जुने फोटो काढून पाहिले. बऱ्याच पतंगांच्या पंखांची टोकं फाटलेली होती. फाटका निघाला की फोटो वाया गेला म्हणायची मला सवय.

तर हा असा बहिरा, मुका प्राणी, ज्याच्या पंखाचा आकार कित्येक पिढ्यांच्या किंचाळ्यांनी घडवला आहे. आणि त्या किंचाळ्याही आपल्या कानांच्या पलीकडच्या. काळोख्या पडवीत मी बसलेलो असताना डोक्यावर जे काही चाललेलं असतं, त्यातली मला ऐकू येते ती फक्त बेडकांची आणि रातकिड्यांची बाजू.

दिव्याचं प्रकरण मात्र आपल्याला जुनं माहीत. संतांनी विषयांच्या मागे धावणाऱ्या जिवाला दिव्यावर झेप घेणाऱ्या पतंगाची उपमा दिली, शायरांनी त्याच झेपेला प्रेम म्हटलं. एकाने बोध घेतला, दुसऱ्याने आह भरली. पतंग काय करत असतो याचं बरंच पटणारं उत्तर २०२४ च्या सुरुवातीला मिळालं. अतिवेगवान कॅमेऱ्यांनी टिपल्यावर दिसलं की रात्री उडणारे कीटक दिव्याकडे जात नसतात, दिव्याकडे पाठ करत असतात. रात्रीच्या आकाशाचा उजेड जमिनीपेक्षा जास्त, म्हणून उजेड तिकडे वर, तिकडे पाठ, हा उडण्याचा साधा हिशेब. बाजूला दिवा आला की हिशेब वाकडा होतो, कीटक तिरका होतो आणि त्या तिरकेपणातच दिव्याभोवती फिरत राहतो. ना वासना, ना प्रेम. वर-खाली कळेनासं झालेला एक प्राणी. आमचे काका जे म्हणाले, लायट घालवलंस की जाता निघान, तेच शास्त्रज्ञांना जरा जास्त खर्चात सापडलं. जेवणं झाल्यावर त्यांनी खरंच दिवा घालवला. थोड्या वेळाने मोबाइलच्या उजेडात पाहिलं तर भिंत रिकामी.

सगळ्यांच्या पडवीत असे काका नसतात. पुढे एका डोंगरावरच्या ठिकाणी, नाव घेत नाही, उतरलो होतो तिथे अंगणभर पांढरे फटफटीत दिवे रात्रभर जळत होते. सकाळी भिंत पतंगांनी भरलेली, आणि भिंतीखाली न्याहारी चाललेली. बुलबुल, दयाळ, आणि त्यांत एक कस्तूर. पहाटेची शीळ उरकून कामाला आलेला. भिंतीच्या कडेने टुणटुण उड्या मारत एकेक पतंग उचलत होता: फरशीवर दोनदा घासला की पंख गळून पडायचे, मग अंग गिळायचा. वर, हाताला लागेल एवढ्या उंचीवर, एक अ‍ॅटलास बसला होता. मी श्वास रोखून वाट पाहत होतो की आता हा साप पाहून तो दचकणार. त्याने तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खाली सोपं मिळत असताना वर कशाला बघायचं, एवढंच त्याचं तत्त्व असावं. माझी न्याहारी गार झाली, त्याची झाली नाही.

पहाटे मला बिछान्यातून उठवणारा तोच हा. मला तेव्हा त्याचा राग आला नाही. पण पतंगाचं कुणी काही करावं असंही त्या अंगणातल्या कुणाला वाटत नव्हतं, आणि तेच जर उलट असतं, भिंतीवर पक्षी चिकटले असते आणि पतंग त्यांना खात असते, तर व्यवस्थापकाकडे तक्रारींची रांग लागली असती. महाराष्ट्राला राज्यपक्षी आहे, हरियाल. २०१५ पासून राज्यफुलपाखरूही आहे, ब्लू मॉर्मॉन. असं फुलपाखरू जाहीर करणारं हे देशातलं पहिलं राज्य. भारतात फुलपाखरांच्या जाती तेराशेच्या वर आणि पतंगांच्या दहा हजारांच्या वर. राज्यपतंग नाही. गाणाऱ्याला मान मिळतो, दिवसा दिसणाऱ्या रंगीताला मान मिळतो. गंधाने बोलणाऱ्याला मान द्यायला लागणारं नाकच आपल्याकडे नाही. जे आपल्या कानांना लागतं त्यालाच आपण जीव लावतो, असं माझं हळूहळू मत झालंय.

कानाला लागतं म्हणून त्रासही पक्ष्यालाच जास्त, हे खरं. पावसाळा सुरू झाला की ओढ्यांवर कॅमेरेवाले जमतात, मोबाइलला छोटा स्पीकर जोडतात आणि कस्तुरालाच कस्तुराचं रेकॉर्ड केलेलं गाणं ऐकवतात. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला. विणीच्या ऐन दिवसांत घरटं सोडून तो बिचारा त्या न दिसणाऱ्या चोराला हाकलायला येतो, दगडावर बसतो आणि फोटो निघतो. मला हा प्रकार मनापासून नावडतो आणि तिथे मी भांडतोही. पण फाब्रने जाळीखाली मादी ठेवून नर जमवले तेव्हा मी कौतुकाने वाचलं होतं, हेही आहे.

पतंगाची भाषा माणसं शिकली ती कवितेसाठी नाहीच. विदर्भात, गडचिरोली-भंडाऱ्याकडे, ढिवर समाजातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या टसर रेशमाच्या अळ्या ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर सांभाळत आली. हा टसरचा पतंग अ‍ॅटलासच्या कुळातलाच. तिथे अळ्या झाडावर असेतो राखण करावी लागते, आणि ती पाखरांपासून. अळी मोठी होत जाते तसा पाखरांचा डोळा तिच्यावर. माणूस पतंगाच्या बाजूने उभा राहून पक्ष्यांना हाकलतोय, असं दृश्य मला तरी दुसरीकडे माहीत नाही. कोसा, म्हणजे टसरचे कोश, विकून घर चालतं म्हणून का होईना.

आणि पुढे यवतमाळच्या कापसाच्या रानात गेलं की माणूस पुन्हा बाजू बदलतो. माझ्या मामांचं शेत आहे तिकडे. गुलाबी बोंडअळी, जिने २०१७ मध्ये बीटी कापसाला न जुमानता महाराष्ट्रभर शेतकऱ्यांना रडवलं, ती शेवटी एका बारक्या करड्या पतंगाचीच अळी. नखाएवढा पतंग. मामा सप्टेंबरात शेतात कामगंध सापळे लावतात: काठीला अडकवलेलं प्लॅस्टिकचं नरसाळं, खाली लांब पिशवी, आणि वर झाकणाखाली रबराचा एक तुकडा. त्याला मामा ल्यूर म्हणतात. त्यात मादीच्या गंधाची कारखान्यात केलेली नक्कल भरलेली. बुटेनान्टने पाच लाख माद्यांतून जे काढलं त्याची ही नातवंडं, कृषी केंद्रात मिळणारी. मी तो तुकडा नाकाशी धरून पाहिला. रबराचा वास आला. रात्री मात्र त्याच्यासाठी रानातले नर येतात, नरसाळ्यावर धडपडतात आणि पिशवीत जाऊन पडतात.

त्याच शेतात, सापळ्यांच्या मधेमधे, मामांनी काठ्यांवर आडव्या काटक्या बांधून पक्षी थांबे केलेत. कोतवाल येऊन बसतो, साळुंक्या येतात, पानांवरच्या अळ्या टिपतात. गुलाबी अळी त्यांना सापडत नाही, ती बोंडाच्या आत शिरून बसते. हिरवी सापडते, उंटअळी सापडते. पक्ष्याला बसायला जागा, पतंगाला खोटी हाक. मामांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगायला लागलो, कस्तूर, स्पीकर, फाब्र, सगळं. त्यांनी पिशवीचं खालचं तोंड सोडलं, पतंग हातावर घेतले आणि बोटाने एकेक बाजूला सारत मोजायला सुरुवात केली. मी गप्प झालो.

"काल आठ होते, आज नऊ निंगाले," मामा म्हणाले. कृषी खात्याच्या कागदात लिहिलंय, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की फवारणीचा विचार करा. "उद्या बी एवढेच निंगाले, त मंग फवारा माराच लागते. तू उद्या हायस का? तं पंप धुवून ठेव."